राजतळ्यातली माती

मोहगडच्या राजाने सकाळी दवंडी पिटवली, की राजतळ्यातली माती काढणाऱ्याचे आणि वापरणाऱ्याचेही हात तोडले जातील. दुपारी शिपायांनी रायाप्पा कुंभाराला दरबारात फरफटत आणलं.

"याने गेल्या वर्षी माती काढली होती," दिवाण म्हणाला.

जल्लादाने तलवार उपसली. तोच रायाप्पाची बायको भिवरा पुढे धावली.

"महाराज, आजचा कायदा गेल्या वर्षालाही लागू?"

"कायदा माझा आहे. लागू म्हणजे लागू!" राजा गरजला.

भिवराने हात जोडले. "मग महाराज, आपणही हात पुढे करा. या महालावर गेल्या वर्षी आपण चढवलेली कौलं त्याच मातीची आहेत."

राजाने वर पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"दिवाणजी," तो हळूच म्हणाला, "लिहा. कायदा आजपासून पुढे."