तुळसाची एक गैरहजेरी

धुकेवाडीत थंडी यायची ती पाऊल न वाजवता. सकाळी दार उघडावं तर अंगण गायब, गोठा गायब, समोरचा रस्ताही गायब! जिकडे तिकडे पांढरंशुभ्र, मऊ मऊ धुकं.

त्या धुक्यात सगळ्यात आधी बाहेर पडायची ती तुळसाची आई. घरी दोघीच होत्या, तिसरीतली तुळसा आणि तिची आई. आई मळ्यात शेवंती तोडायला जायची. फुलं पिवळीधमक, पाकळ्यापाकळ्यांवर टपोरं दव, आणि ते दव झेलून झेलून आईची बोटं निळसर. अंगावर स्वेटर नाही, नुसता दुहेरी करून घेतलेला पदर.

"आई, थंडी नाही का गं वाजत?"

"मी भराभरा चालते ना, थंडी मागे राहते," आई म्हणायची. पण बोलताना तिचे दात वाजायचे.

म्हणून तुळसाला शाळेतली शाल हवी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर संक्रांतीपर्यंत जो एकही दिवस शाळा चुकवणार नाही, त्याला लोकरीची लाल शाल मिळायची. तुळसाचा एकही दिवस चुकला नव्हता. आता उरले होते फक्त दोन.

शाळेत तुळसाकडे एक मानाचं काम होतं. व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज हिवाळ्याच्या बातम्या ती लिहायची. 'आज हरभऱ्याला घाटे धरले. आज टाकीतलं पाणी हात लावू देत नव्हतं.' त्याखाली पाटोळेबाई सांगतील त्या सूचना. 'कानटोपी घाला. कोमट पाणी प्या. जेवणाआधी साबणाने हात धुवा. शिंक आली तर कोपरात शिंका. ताप असेल तर घरी राहा, आणि उतरल्यावरही एक दिवस राहा.' मुलांनी हे घरी जाऊन सांगायचं. आया ऐकायच्या, हो हो म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी कढत कपाळाच्या पोरालाही गणवेश चढवायच्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. आई म्हणून मीही तेच करत आले आहे.

त्या सकाळी तुळसा शाळेच्या परसबागेत पाणी घालायला गेली. मेथीच्या कोवळ्या पानावर एक थेंब थडथड उडत होता.

"अगंबाई, तुलाही हुडहुडी भरली?" असं म्हणत तुळसाने आपली कानटोपी काढली आणि पानावर अलगद छपरासारखी धरली.

थेंब चमकला. जांभळा झाला, मोरपंखी झाला, सोनेरी झाला आणि त्यातून टिकलीएवढी एक परी उभी राहिली! लसणाच्या पापुद्र्यासारखे तिचे पंख होते, आणि इवल्याशा पायांत दवाचे पैंजण.

"मी दहिवरपरी," ती किणकिणली. "डोकं उघडं टाकून मला ऊब दिलीस. तुला तीन इच्छा देते. पण माझे नियम आहेत हं."

"आमच्या शाळेत पण आहेत," तुळसा म्हणाली.

परी हसली. "इच्छा मागायची ती सूर्य त्या कुंपणाजवळच्या शेवग्याच्या शेंड्यावर पोचायच्या आत. कापडचोपड, पैसाअडका माझ्याकडे नाही. आजार घालवणं मला जमत नाही, ते काम विश्रांतीचं. आणि मी जे देईन ते दिवस मावळेपर्यंतच टिकेल, आणि तू ज्याला शिवशील त्यालाही लागेल."

शाल मागता येणार नाही, हे ऐकून तुळसा जरा हिरमुसली. मग म्हणाली, "तर मग माझे हात ऊबदार कर."

प्रार्थनेला मुलं हात धरून गोल उभी राहिली, आणि काय सांगू! तुळसाच्या तळव्यांतली ऊब शेजारच्या हातात गेली, तिथून पुढच्या, तिथून पुढच्या. फुटलेले ओठ हसले, लाल नाकं सुकली. पहिलीतली चिमुकली गुणी तर तुळसाचा हात सोडेचना. मागच्या महिन्यात छातीत कफ भरून ती आठ दिवस दवाखान्यात होती. अजूनही पळाली की धापा टाकायची.

आई घरी आली तोवर मात्र सूर्य मावळला होता. तुळसाने तिचे निळे हात धरले. ऊब संपली होती.

दुसरा दिवस हजेरीचा शेवटचा. तुळसा जागी झाली तेव्हा आई केव्हाच मळ्यात गेली होती. डोकं जड, घशात काटे, कपाळ तव्यासारखं. ती तशीच उठली, वेणी घातली आणि भिंतीला धरत धरत परसबागेत पोचली.

"परीताई, माझा ताप आजच्या दिवस लपव ना. बाईंना कळायला नको."

"लपवते," परी हळूच म्हणाली. "पण लपवलेला ताप असतो तिथेच असतो, बाळा. आणि तू ज्याला शिवशील..."

एवढ्यात कुंपणाकडून हाक आली, "तुळसाताई! हात दे ना, कालच्यासारखा गरम गरम!"

गुणी धावत येत होती. लोकरीची टोपी डोळ्यांवर घसरलेली आणि दोन्ही हात पुढे.

तुळसाचा हातही पुढे झाला. तो खरंच गरम होता, कालच्याहून जास्त. ते जाणवलं मात्र, आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आज नाही गुणे. लांब राहा."

"का पण?"

"लांब राहा म्हटलं ना!"

"जा! कट्टी!" गुणीचा ओठ थरथरला. ती पाय आपटत निघून गेली.

तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. लाल शाल अगदी डोळ्यांसमोर होती, एका दिवसावर. सूर्य शेवग्याच्या फांद्यांवर चढत चालला होता.

"परीताई," ती घाईने म्हणाली, "लपवू नकोस. त्याऐवजी बाईंना खरं सांगायचा धीर दे."

हजेरी सुरू झाली होती. तुळसा दारातच थांबली, कोपरात खोकली आणि म्हणाली, "बाई, मला ताप आहे. मी घरी जाते."

पाटोळेबाईंची पेन्सिल थांबली. "अगं, आजचाच तर दिवस राहिला होता."

"पण फळ्यावर तुम्हीच लिहायला सांगितलंत ना?"

तेवढ्यात मागच्या बाकावरचा केरबा उठला. "बाई, माझा पण घसा दुखतोय. कालपासून."

"मला रात्री ताप होता," सगुणा पुटपुटली. "आईने गोळी देऊन पाठवलं."

"आणि मी खोकला गिळतोय," भिकू म्हणाला. "आता गिळवत नाही."

शाल मिळवायला उरलेली मुलं एवढीच होती. तुळसाने आज त्यांतल्या कुणालाच शिवलं नव्हतं. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात परी किणकिणली, "धीर नुसता ऐकला तरी लागतो हं!"

बाईंनी डोक्याला हात लावला. "धन्य आहे माझी! फळ्यावर एक लिहून घेतलं आणि बक्षीस भलत्यालाच ठेवलं." त्यांनी चौघांना घरी पोचवलं, आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना बोलावलं. शाली शाळेच्या कपाटात राहिल्या, ज्याला हुडहुडी भरेल त्याला पांघरायला. पूर्ण हजेरीचं बक्षीस त्या दिवसापासून बंद झालं.

तुळसा चार दिवस अंथरुणात होती. "आई, तुझी शाल गेली गं," ती तापात म्हणाली.

"मला तू हवीस की शाल?" आई म्हणाली आणि पेजेचा घोट तिच्या ओठांशी धरला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दारात गुणीची आई उभी राहिली, काखेत एक मोठं गाठोडं घेऊन.

"अहो तुळसाची आई, येऊ का? आमच्या गुणीने सांगितलं, तुमच्या लेकीने तिला जवळ येऊ दिलं नाही. आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू. मग कळलं, हिला ताप होता." तिने गाठोडं खाली ठेवलं. "डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा आजारी पडली तर अवघड आहे."

तिने गाठोडं उघडलं. आत स्वेटर होता, अबोली रंगाचा, बाह्यांवर हिरव्या वेली.

"दवाखान्यात गुणीच्या उशाशी बसून विणला. तिच्याच मापाचे टाके घातले होते हो! पण काळजीने सुया थांबेचनात. टाके वाढवत गेले, वाढवत गेले. आता त्यात तीन गुण्या मावतील. नवरा म्हणतो, म्हशीला घाल." ती हसली, मग डोळे पुसले. "तुम्ही घालून बघा ना."

तुळसाच्या आईने तो घातला. खांद्यात बसला, कमरेत बसला, बाह्या तेवढ्या बोटांवर आल्या.

"दुमडून देते," गुणीची आई म्हणाली.

"राहू द्या," आई म्हणाली. "बोटंच तर गारठतात माझी."

पाचव्या दिवशी ताप नव्हता, तरी तुळसा घरी राहिली. सहाव्या दिवशी सकाळी ती परसबागेत गेली. दहिवरपरी मेथीवर झोके घेत होती.

"शेवटची इच्छा राहिली आहे, तुळसा. माग."

"मला काही नको. खूप जणांचे आभार मानायचे आहेत, पण सांगायला लागले की रडूच येतं. तूच पोचवशील?"

"हे आजवर कुणी मागितलं नव्हतं," परी म्हणाली. तिने पंख पसरले. सूर्य शेवग्याच्या शेंड्याला टेकला आणि परी आधी मोती झाली, मग इंद्रधनुष्य झाली, मग नुसता लख्ख प्रकाश! त्या प्रकाशाचे शेकडो थेंब धुकेवाडीवर उडाले.

एक पाटोळेबाईंच्या चष्म्यावर बसला, एक नर्सताईंच्या पिशवीवर. एक मळ्यात गेला आणि अबोली बाहीवर विरघळला.

आणि एक गुणीच्या घरी गेला. तिथे गुणीची आई दारात उभी राहून, लेकीला आज दोन टोप्या घालायला हव्या होत्या का, याचा विचार करत होती. थेंब तिच्या गालाला लागला. कुठून कोण जाणे, पण तिला वाटलं, आपलं फार काही चुकत नाहीये. ती आत गेली आणि कितीतरी दिवसांनी तिने स्वतःसाठी चहा ठेवला.