चांगूच्या घरी डायपर
एका गावात चांगू नावाचा एक भोळा बाप होता. बायको हौसा, अन् दोन महिन्यांची लेक चिमी. चिमीचे लंगोट चांगूच धुवायचा. "ओलं झालं की ओढ्यावर धुऊन वाळत घालायचं," एवढंच हौसाने शिकवलं होतं. तेवढं त्याला झकास जमायचं.

एक दिवस शहरातून हौसाची श्रीमंत मावशी आली. तिचे यजमान, काका, गाडी चालवत आले. कुंपणावरचे लंगोट बघून मावशीने नाक मुरडलं. "अगंबाई! आमच्याकडची मोलकरीणसुद्धा नातवाला डायपर घालते!" अन् तिने डायपरचं भलंमोठं पुडकं दिलं.

पहिला डायपर ओला झाला. चांगूने ओढ्यावर धुतला. तो फुगला. आणखी धुतला, आणखी फुगला. भोपळ्याएवढा झाला. वाळत घातला, तर कुंपणच आडवं.

"अरे येड्या," मावशी ओरडली, "एकदा वापरला की गुंडाळून टाकून द्यायचा!"

"बरं, मावशी."

मावशीची जरीची साडी दोरीवर होती. एकदाच नेसलेली. चांगूने गुंडाळली, उकिरड्यावर टाकली. शेळीने पदर खाल्ला.

मावशी लालबुंद झाली. "हात लावून बघत जा की! हलकं असलं तर ठेवायचं. भरून जड झालं तरच टाकायचं. अन् ऐक, आता चुकलास, तर हौसाला अन् चिमीला मी कायमची घेऊन जाईन."

चांगूने चिमीला जवळ घेतलं. चिमी नाही, मग घर कसलं? आता चुकायचं नाही, असं त्याने ठरवलं.

तेवढ्यात हौसा लांबून पाण्याचा हंडा घेऊन आली. चांगूने हात लावला. भरलेला. जड. पाणी हंड्यासकट उकिरड्यावर!

"झालं!" मावशी म्हणाली. "हौसा, पिशवी भर. संध्याकाळी निघायचं."

हौसाने डोळे पुसले. हळूच म्हणाली, "अहो, नुसतं भरलेलं नाही टाकायचं. वास मारला तरच टाकायचं."

जेवणं झाली. कचऱ्याची घंटागाडी वाजली. चांगू घरभर हिंडला. कोपऱ्यातला डायपर उचलला. हलका. वास नाही. ठेवला.

ओसरीवर सतरंजीवर काका घोरत होते. चांगूने पोटाला हात लावला. गच्च भरलेलं. उचलून बघितलं. जड. तोंडाशी नाक नेलं. लसूण, कांदा, तंबाखू.

तरी चांगूने घाई केली नाही. आत डोकावून विचारलं, "मावशी, काका नवे आहेत का हो?"

मावशी झोपेतच म्हणाली, "कसले नवे? चाळीस वर्षं झाली!"

संध्याकाळी मावशी पदर खोचून उभी राहिली. "चल गं हौसा, चिमीला घे. काका कुठं गेले? गाडी कोण चालवणार?"

चांगू खुशीत म्हणाला, "मावशी, या वेळी सगळं तपासून केलं. वापरलेले होते, भरलेले होते, वासही मारत होता. सतरंजीत गुंडाळून घंटागाडीत दिले."

मावशी किंचाळत अनवाणीच रस्त्याला लागली. हौसाला हसू आवरेना. तिने पिशवी खाली ठेवली, चिमीला मांडीवर घेतलं.

चांगू मात्र दारातून हाका मारत होता, "अहो मावशी, पळता कशाला? टाकलेलं का कुणी परत आणतं? नवे घ्या की!"