चौदावी गाठ

एका राज्यात सगळं होतं, नदी तेवढी नव्हती. डोंगर होते, आमराया होत्या, राजाचे हत्ती होते. पण हत्तींना अंघोळ घालायची तर पाणी मंत्रानं आणावं लागे. राजवाड्यासमोर एक दगडी कुंड होतं. कुंडाच्या काठी उभं राहून कुणीही धारामंत्र गावा, की दगडातून पाणी उसळे. कुंभार गाई, कोष्टी गाई, लहर आली तर राणीही गाई.

हा मंत्र कुणा एकाचा नव्हता. पहिली ओळ एका गुराख्याला सुचली. पाणी आलं, पण गढूळ आलं. मग एका वैदूनं दुसरी ओळ जोडली आणि पाणी निवळलं. कुणी ते गोड केलं, कुणी उन्हाळ्यात गार केलं. अशा तेरा ओळी झाल्या. रीत अशी होती, की ज्यानं ओळ जोडली त्यानं कुंडाशी टांगलेल्या दोराला आपल्या हातानं गाठ मारायची आणि म्हणायचं, "घ्या, गा, सुधारा, पण पुढच्याला अडवू नका." गाऊन झालं की सगळे एक बारीक शीळ घालत आणि धार थांबे. ज्यानं धार बोलावली, त्याच्याच शिळेनं ती थांबे. ती शीळ कुणाची, हे कुणी कधी विचारलं नाही. मंत्राच्या शेवटी शीळ घालायची असते, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

तो दोर जपायचं काम हरबाकडे होतं. हरबा वाखाचे दोर वळी. तेरावी ओळ त्याचीच. तिच्यामुळे पाणी उंचावरच्या शेतांतही चढे. त्याची मुलगी मालन चारचौघांत बोलत नसे. कुणी नाव विचारलं तरी ती बापाच्या पाठीआड जाई. पण दोर हाती आला, की डोळे मिटून सांगे, कुठला पीळ कधी वळला ते.

एके वर्षी कीलकनाथ नावाचा मांत्रिक राज्यात आला. त्याचा आवाज मधासारखा होता.

"उद्या परका चोर तुमचा मंत्र पळवील," तो म्हणाला, "तेव्हा दाद कोण मागणार? तुम्ही तेरा जण, तेरा दिशांना. ओळी माझ्या नावे लिहून द्या. मी एकटा सगळ्यांसाठी भांडेन."

लोकांना पटलं. ओळी जोडणाऱ्यांनी आणि त्यांच्या वारसांनी ताडपत्रांवर अंगठे उमटवले. मालनला विचारायचं होतं, 'आणि तुम्हीच अडवलंत तर?' पण एवढ्या माणसांपुढे तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

तेरावं ताडपत्र हाती पडताच कीलकनाथानं मंत्राला कुलूप घातलं. ज्याच्या बोटात त्याची तांब्याची अंगठी, त्यानंच गायचं. अंगठी हवी, तर वर्षभर त्याच्याकडे राबायचं. बाकी कुणी गाईल, त्याची जीभ दगड होईल.

हरबा हसला. "माझीच ओळ मला गाता येऊ नये? ऐकलंय का कुणी असं?"

आणि तो गायला. ओळ संपायच्या आत त्याची जीभ दगड झाली. वैदूनं हरबाच्या गळ्याला कान लावला आणि मान हलवली. "तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला, की हा दगड काळजात उतरेल."

मालननं आसवं गाळली नाहीत. ती कुंडाकडे धावली आणि दोराला बिलगली. सवयीनं तिची बोटं गाठींवरून फिरू लागली. एक, दोन, तीन... बारा, तेरा. बोटं पुन्हा मागं फिरली, आणि पहिल्या गाठीच्या पोटात, जोंधळ्याच्या दाण्याएवढी, आणखी एक! तिनं डोळे जवळ नेले. गाठ वाखाची नव्हती, लव्हाळ्याच्या गवताची होती. तिचा पीळही उलटा होता. माणसाचा हात असा फिरतच नाही.

मालन उठली. ती थेट दरबारात गेली. तिथं कीलकनाथ राजाशेजारी बसला होता.

"महाराज," ती म्हणाली, आणि आपला आवाज ऐकून स्वतःच दचकली, "गाठी चौदा आहेत."

"पोरी, बोटं किती आहेत तुला? मोजता येतं ना?" कीलकनाथ म्हणाला. दरबार हसला.

राजा मात्र हसला नाही. "तेरा ओळी, तेरा ताडपत्रं, म्हणून मंत्र नाथांचा," तो म्हणाला. "चौदावी असेल, तर न्याय वेगळा होईल. तीन गोष्टी कर. गाठ कुणाची, ते शोध. ती त्याचीच, हे दाखव. आणि त्यानं ती कुणाला लिहून दिली नाही, हे त्याच्याच तोंडून मला ऐकव. तिसऱ्या सूर्यास्ताच्या आत."

लव्हाळा त्या कोरड्या राज्यात एकाच ठिकाणी उगवे. फार पूर्वी कुंडाचं पाणी वाहून जिथं साचलं होतं, त्या पाणथळीत. मालन पहिला दिवस चालली. दुसरा दिवस चालली. संध्याकाळी पाणथळ आली, समोर खड्यांचा पट्टा पसरला होता. पाऊल टाकता टाकता ती थबकली. खड्यांमध्ये चार खडे जरा जास्तच गोल होते. ती अंडी होती.

"टाक की पाऊल," मागून आवाज आला. "सगळे तुडवूनच जातात."

मागं एक टिटवी उभी होती. तिचं वय तीनशे वर्षं होतं.

"मला दिसली म्हणून थांबले, टिटवीबाई."

"दिसली म्हणतेस? मग डोळे कामाचे आहेत तुझे. काय हवंय?"

"दोरावरची लव्हाळ्याची गाठ, मंत्राच्या शेवटची शीळ... ती तुमची का?"

टिटवीनं मान वाकडी केली. "तीनशे वर्षांत हे विचारणारी तू पहिलीच. अगं, गुराख्यानं पाणी आणलं, पण थांबवायचं कसं, ते त्या शहाण्याला सुचलंच नाही! माझी अंडी वाहून गेली. एकदा नाही, तीनदा. मग मी शीळ रचली, चोचीनं गाठ मारली, आणि रीतीप्रमाणे अटही बोलले. पण पाखराला कोण मोजतं?"

"माझे आबा मरतील," मालन म्हणाली. "याल का?"

टिटवीनं अंड्यांकडे पाहिलं. "नवरा बसेल अंड्यांवर. चल!"

रात्रभर न थांबता वाट कापून, तिसऱ्या दिवशी सूर्य टेकडीला टेकत असताना दोघी कुंडाशी पोचल्या. सारं नगर जमलं होतं. टिटवीनं लव्हाळ्याची काडी घेतली आणि सगळ्यांदेखत चोचीनं गाठ मारली. राजानं दोन्ही गाठी शेजारी धरल्या. तोच दाण्याएवढा आकार, तोच उलटा पीळ.

कीलकनाथाचा आवाज पुन्हा मधाळ झाला. "टिटवीबाई, या ताडपत्रावर पाय उमटवा. सोन्याचं घरटं देतो."

"मी अंडी खड्यांत ठेवते, नाथ. सोन्यात ठेवली, तर कावळ्यांना लांबूनच दिसतील की!" टिटवी म्हणाली. "महाराज, ऐका. शीळ मी सगळ्यांना दिली, पण अटीवर. पुढच्याला अडवणाऱ्याला ती लाभायची नाही."

"मग ठेव तुझी शीळ तुझ्याजवळ!" कीलकनाथ कडाडला. "तेरा ओळी माझ्या आहेत. मला तेवढ्या पुरेत!"

तो कुंडात उतरला आणि तेराच्या तेरा ओळी गायला. पाणी उसळलं. गुडघ्यापर्यंत आलं, त्यानं धार बंद करायला झोळीतलं लोखंडी कुलूप फेकलं, ते बुडालं. कमरेपर्यंत आलं, त्यानं चांदीचं कुलूप फेकलं, तेही बुडालं. छातीपर्यंत आलं, सोन्याचं फेकलं, ते तर बुडबुडाही न काढता गेलं. ताडपत्रं त्याच्या झोळीतून सुटून तरंगू लागली आणि त्यांवरची शाई पाण्यात विरू लागली. तो शीळ घालू लागला. नुसती हवा आली.

"आधी अट!" टिटवी ओरडली.

सूर्याची बारीक कोर तेवढी उरली होती. मालन काठावर गुडघे टेकून वाकली आणि कुणाचीही लाज न धरता ओरडली, "नाथबाबा, बोला हो! घ्या, गा..."

"घ्या," पाण्याचा घोट गिळत कीलकनाथ म्हणाला, "गा, सुधारा... मी पुढच्याला अडवणार नाही!"

आणि शीळ वाजली. धार थांबली. तांब्याच्या अंगठ्या सगळ्यांच्या बोटांतून टपटप गळून पडल्या. गर्दीत कुणीतरी मोठ्यानं खोकलं.

"मालन," तो हरबा होता, "घसा कोरडा पडलाय गं. पाणी दे."

मालन हसली, रडली आणि सगळ्या नगरापुढे उभी राहून गायली. तेरा ओळी आणि एक शीळ. ओंजळ भरून तिनं बापाला पाजली.

राजानं न्याय दिला, की ज्याची ओळ त्याचीच राहील आणि सगळे मिळून मंत्र राखतील. चोर आलाच, तर चौदाही जण एकत्र दरबारात येतील. कीलकनाथाला शिक्षा एकच झाली. रोज कुंडावर बसायचं आणि जो मागेल त्याला मंत्र शिकवायचा, शिळेसकट. म्हणतात, तो आवाज शिकवण्यासाठी फार चांगला निघाला.

पुढे मालननं पंधरावी ओळ जोडली. तिच्यामुळे पाणी कितीही वाहिलं, तरी पाणथळीतल्या खड्यांपासून वीतभर अलीकडेच थांबतं. तिची गाठ टिटवीच्या गाठीला लागून आहे. पीळ सरळ आहे. बोटं फिरवलीत तर कळेल. आणि या कथेचंही तसंच: घ्या, सांगा, सुधारा, पुढच्याला तेवढं अडवू नका.