जेवणांची वाटणी

एके वर्षी, शाळांना नाताळची सुट्टी लागली तेव्हा, पूल बांधणारा एक अभियंता अकरा महिन्यांनंतर घरी परतला. त्याचे नाव मकरंद. काम दूरच्या राज्यात, नदीच्या पात्रात. रजा अवघी दहा दिवसांची. त्यांतले तीन दिवस तरी सर्वांनी एकत्र घालवावेत म्हणून त्याने डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात मुक्काम ठरवला. बरोबर पत्नी हेमांगी, दहा वर्षांची मुलगी मृण्मयी, सहा वर्षांचा निनाद आणि एक वृद्ध गुरुजी. मकरंद वसतिगृहात राहून शिकला, तेव्हा त्याला गणित आणि संस्कृत शिकवणारे ते हेच. आता ते एकटेच राहत, म्हणून हेमांगीने त्यांना आग्रह करून सोबत घेतले होते.

उद्यानात आकाशपाळणे होते, पाण्यात कोसळणाऱ्या घसरगुंड्या होत्या. त्यांवरून कोणाचे काही बिनसले नाही. बिनसले ते जेवणावरून.

मुलांना हवे होते जहाजाच्या आकाराचे उपाहारगृह. तिथे अस्वलाचा वेष घातलेला एक माणूस टेबलांमधून नाचत फिरे, ढोल वाजत, आणि पिझ्झा शिडाच्या आकाराच्या ताटलीतून येई. मोठ्यांना हवे होते तळ्याकाठचे भोजनगृह. तिथे शांतता होती, बसायला पाट होते आणि तव्यावरची पोळी थेट ताटात पडत असे.

मकरंद स्वभावाने न्यायी. त्याने एका कागदावर तक्ता आखला. पहिल्या दिवशीची दुपार मुलांची, संध्याकाळ मोठ्यांची; दुसऱ्या दिवशी दुपार मोठ्यांची, संध्याकाळ मुलांची. तक्ता त्याने सर्वांना वाचून दाखवला. कोणी हरकत घेतली नाही, आणि आपण एक अवघड प्रश्न वेळीच सोडवला असे त्याला मनापासून वाटले.

पहिल्या दुपारी सगळे जहाजात गेले. हेमांगीच्या कपाळावर ढोलाच्या पहिल्या ठोक्यापासून आठी होती. निनादचा पिझ्झा कापून दे, सांडलेले सरबत पुस, यात तिचे ताट गार झाले, आणि अर्धे तसेच राहिले. गुरुजींनी मात्र आपला पिझ्झा चवीने संपवला आणि वर मकरंदच्या ताटलीतला एक तुकडाही मागून घेतला.

संध्याकाळी तळ्याकाठचे भोजनगृह. तिथे गर्दी होती, ताटे यायला आठ वाजले. निनाद पाटावरच पेंगू लागला. कामावरून दोनदा फोन आले, म्हणून मकरंद दोनदा उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा मृण्मयीचे ताट जसेच्या तसे होते.

"भाजी आवडली नाही का?" त्याने विचारले.

"आवडली."

"मग जेवत का नाहीस?"

"आत्ताचं जेवण तुमचं आहे ना, बाबा. तुम्ही जेवा," ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. तक्त्यात लिहिले होते तेच तिने सांगितले होते.

खोलीवर परतताना हेमांगी म्हणाली, "उद्या तू मुलांना घेऊन जा. मी खोलीवरच थांबते." तिच्या स्वरातही राग नव्हता, आणि मकरंदला त्याचेच जास्त वाईट वाटले. अकरा महिने ज्या तीन दिवसांची वाट पाहिली, त्यांतला एक संपला होता, आणि एकाच छपराखाली चार माणसे एकमेकांवर उपकार केल्यासारखी वागत होती. कोणावर अन्याय झाला असता तर त्याला समजले असते. इथे तर सगळे समसमान होते.

सकाळी व्हरांड्यात गुरुजी एकटे बसले होते. मकरंदने तक्ता त्यांच्यापुढे ठेवला.

"गुरुजी, यात चूक कुठे आहे ते मला दिसत नाही."

गुरुजींनी चष्मा लावून कागद नीट वाचला. "हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "आज दुपारी काय आहे?"

"एक वाजता, तळ्याकाठी. आमचं जेवण. हेमांगी कशीबशी यायला तयार झाली आहे."

"बरं," म्हणून गुरुजींनी कागद परत दिला. मकरंदने थोडा वेळ वाट पाहिली आणि तो उठला.

साडेअकरा वाजता हेमांगी पाळण्यांकडे बाकावर बसली असताना मकरंद भोजनगृहात जागा राखून ठेवायला गेला. परतताना त्याला तळ्याकाठी झाडाखाली जे दिसले, त्याने तो जागीच थांबला. गुरुजींनी मांडीवर एक डबा उघडला होता आणि त्यातला दहीभात ते दोन्ही मुलांना घास घास भरवत होते. दहा वर्षांची मृण्मयीदेखील मुकाट्याने तोंड उघडत होती. कागदात थोडे लिंबाचे लोणचे होते.

"गुरुजी, दीड तासाने आपल्याला जेवायला बसायचं आहे," मकरंद म्हणाला.

"हो, ठाऊक आहे मला."

"मग आता यांची भूक राहील का?"

"नाही राहणार," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी निनादला आणखी एक घास दिला. "सकाळी स्वयंपाकघरात सांगून करून घेतला. भात मऊ शिजवलाय."

ज्यांनी त्याला जन्मभराची शिस्त शिकवली, तेच आज ठरलेल्या जेवणाची वाट लावत होते, तेही हसतमुखाने. वय झाले म्हणून असे होत असेल का, अशी शंका त्याच्या मनात येऊन गेली, आणि ती आली याची त्याला लाजही वाटली.

एक वाजता त्याच्या गोंधळात आणखी भर पडली. भोजनगृहात गुरुजी वाढप्याला म्हणाले, "दोनच ताटं मांडा. मुलांचं झालंय, आणि मी त्यांच्याबरोबर बाहेर ओसरीवर बसतो. तिथे पाण्यात बदकं आहेत." कोणी काही बोलायच्या आत दोन्ही मुले त्यांचे बोट धरून निघूनही गेली.

पाटावर उरले दोघे. मकरंद पुन्हा पुन्हा ओसरीकडे पाहत होता. सर्वांनी एकत्र जेवावे एवढ्यासाठी त्याने ही सहल काढली होती, आणि त्याच्या गुरूंनीच पंगत मोडली होती.

"तुला पटतंय का हे?" त्याने हेमांगीला विचारले.

पोळीचा तुकडा मोडून तिने आमटीत बुडवला, तो शांतपणे खाल्ला, मग दुसरा खाल्ला.

"पोळी गरम आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी घरी ओट्याशी उभीच जेवते. तू गेल्यापासून. तुला सांगायचं राहिलं."

मकरंदला हे खरोखरच ठाऊक नव्हते. मग ती बोलत राहिली. निनादच्या दाढेबद्दल, तिच्या बंद पडलेल्या गाण्याच्या वर्गाबद्दल. त्यानेही पुलाच्या तिसऱ्या खांबाची कटकट सांगितली. ताट संपले तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि हेमांगीच्या कपाळावरची आठी केव्हा गेली ते त्याच्या लक्षातही आले नव्हते.

जेवण झाल्यावर हेमांगी मुलांकडे गेली. मकरंद गुरुजींजवळ येऊन बसला.

"बरं झालं असं वाटतंय," तो म्हणाला, "पण काय झालं ते कळलं नाही."

गुरुजी म्हणाले, "तू जेवणं समान वाटलीस. पण कोणाला काय हवंय हे विचारलंच नाहीस. मी काल संध्याकाळी, तू फोनसाठी बाहेर गेलास तेव्हा, विचारलं. निनादला जहाज नको, भोजनगृह नको. त्याला साडेअकराला भूक लागते, तेव्हा समोर जे येईल ते हवं. तुझ्या पत्नीला निवांत बसून गरम अन्न खायचं होतं, आणि भुकेलं मूल शेजारी असताना आई निवांत बसत नाही. या दोन गोष्टींत भांडण कुठे आहे? भांडण तुझ्या तक्त्यानं लावलं. एकाच्या सुखासाठी दुसऱ्यानं ताटकळत बसायचं, असं त्यात ठरून गेलं होतं."

"आणि मृण्मयी?"

"तिला पिझ्झा फारसा आवडत नाही. माझ्या कानात सांगितलं तिनं."

"मग जहाजाचा एवढा हट्ट?"

"तिथे ढोल वाजतात," गुरुजी म्हणाले. "ती म्हणाली, तिथे आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून बाबा फोन घेत नाहीत."

मकरंद बदकांकडे पाहत राहिला. आपण वाटत होतो ते ताट, आणि मागणाऱ्याने मागितले होते काही निराळेच, हे एवढे साधे होते. तरी गणित जाणणाऱ्या माणसाला ते गणितात सापडले नव्हते.

त्या संध्याकाळी निनाद साडेसहालाच खिचडी खाऊन झोपला. हेमांगी पुस्तक घेऊन व्हरांड्यात गुरुजींजवळ बसली. आपल्यासाठी काही आणू नका, असे तिने सांगितले. जहाजात मकरंद आणि मृण्मयी दोघेच गेले. त्याने तिच्यासमोर खाद्यपदार्थांची यादी उघडली, तर तिने ती न वाचताच मिटून बाजूला ठेवली आणि शाळेतल्या एका मैत्रिणीची हकिकत सांगायला सुरुवात केली. मैत्रीण तिच्याशी अबोला धरून होती, तीन महिने झाले होते, आणि हे तिने अजून कोणालाही सांगितले नव्हते.

ढोल जोरात वाजत होते. तिचा एकेक शब्द ऐकण्यासाठी मकरंदला आपली खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ न्यावी लागली, आणि मान खाली वाकवावी लागली.