एकही अर्ज नामंजूर नाही

"…मग माझं चुकलं कुठं, बाबा?"

आपल्या तकियातल्या, म्हणजे मठीतल्या, चिंचेखाली हसनबाबा फकीर सुपारी कातरत बसले होते. समोर चटईवर त्र्यंबकराव, निवृत्त मामलेदार. उभ्या तालुक्याला परवानग्या देण्यात ज्यांची हयात गेली, ते आज स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन आले होते.

"चाळीस वर्षांचा संसार, पण बायको माझ्याशी बोलत नाही. नुसतं विचारते. माहेरी जाऊ का, लुगडं घेऊ का, शेजारी बसून येऊ का. पेन्शनीत निघाल्यापासून घर खायला उठतं, बाबा."

"अन् तुम्ही काय म्हणता?"

त्र्यंबकरावांची मान ताठ झाली. "मंजूर! आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही."

"मंजूर करणं म्हणजे काय हो, साहेब? आम्ही अडाणी माणसं."

हा तर त्यांच्या हातचा मळ. "आपल्या हातातलं मागणाऱ्याला देणं."

"अन् ते मुळात त्याचंच असलं तर?"



बाबांनी अडकित्त्यानेच फाटकाकडे खूण केली. तिथे त्र्यंबकरावांच्या पत्नी अनसूयाबाई उन्हात उभ्या होत्या. शेजारचा सावलीतला कट्टा रिकामा होता.

"बाई का उभ्या?"

"मी… बस म्हटलं नाही." सांगता सांगता मामलेदारांचा आवाज चिरकला. मग ते घाईघाईने ओरडले, "अगं, बस ना! बस तिथं!"

अनसूयाबाई लगेच बसल्या. अगदी काठावर.

"पुन्हा मंजूरच केलंत," बाबा हळूच म्हणाले.

त्र्यंबकराव उठले. वहाणा घालायचंही भान राहिलं नाही. कट्ट्यापाशी जाऊन उभे राहिले.  लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"अनसूया… मी बसू का इथं?"

बाईंनी वर पाहिलं. 

मग पदराने कट्ट्यावरची धूळ झटकली आणि सरकून जागा केली.

"अनवाणी आलात उन्हातनं," त्या म्हणाल्या. "वेडे कुठले. पाय भाजले असतील."

मामलेदारांचे डोळे भरून आले. ते अंग चोरून बसले.

चिंचेखालून बाबांचा आवाज आला, "साहेब, उठतानाही विचारा हं."