पुढच्या बंपरचा पोचा

इचलकरंजीत माझं चष्म्याचं दुकान आहे. पन्नाशीत शर्यतीचं खूळ डोक्यात शिरलं आणि हौशी लोकांच्या चार तासांच्या शर्यतीसाठी मी राजवर्धन घाटग्यांची गाडी भाड्याने घेतली.

शर्यत संपताच घाटग्यांनी सगळ्यांसमोर पुढच्या बंपरला पडलेला पोचा दाखवला. "पुढच्या गाडीला ठोकलंत. आता तुम्हाला इथं कोण गाडी देतो तेच बघतो."

मी पंचांकडून फेऱ्यांचा तक्ता आणून त्यांच्या हातात दिला.

"साहेब, चार तासांत मी एकालाही गाठलेलं नाही. न गाठता ठोकायचं कसं, तेवढं शिकवा."

सगळे हसले. मेकॅनिक हळूच म्हणाला, "मालक, सकाळी ट्रकमधून उतरवताना आपणच आपटली."

घाटगे ओशाळले. "पुढच्या शर्यतीलाही तुम्हीच न्या," ते म्हणाले. "गाडी नव्यासारखी राहील."