विहिरीचं गाणं आणि नवा स्पीकर

“आणि समजा नाहीच गेला या नव्या ॲम्पचा कर्कशपणा, तर?” ओजसने विचारलं.

सायमन डाबरे गिटारच्या तारा पुसत होते. गावातली बहुतेक पोरं त्यांच्याकडेच गिटार शिकली. ओजस म्हात्रे त्यातला सगळ्यात तयार हाताचा. ते त्याला माहीत होतं.

त्याचा नवा ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, सरांच्या ओटीवर ठेवलेला होता. उद्या तहसील कचेरीसमोर धरणं. बिल्डर मधुशेठच्या टँकरांनी गावच्या विहिरी उपसून कोरड्या केल्या, आणि नोटिसा आल्या त्या तक्रार करणाऱ्यांनाच. धरण्यात ओजस सरांचंच जुनं विहिरीचं गाणं वाजवणार होता.

“नवा स्पीकर ताठ असतो,” सर म्हणाले. “वाजून वाजून त्याच्या कागदाची कड मऊ पडते. मग आवाज गोल होतो.”

“तेवढं कळतं मला. म्हणून तर आठवडाभर गोधडीत गुंडाळून कपाटात वाजत ठेवला.”

“काय वाजत ठेवलंस?”

“तुमचंच गाणं. मोर्चातलं रेकॉर्डिंग. सारखं तेच.”

“घरचे पळून नाही गेले?”

“आई गेली मामाकडे.”

सर हसले. मग हसायचे थांबले.

“तरी टोचतोच हा कानाला,” ओजस म्हणाला. “उद्यापुरता तुमचा द्या. लोणी आहे नुसतं, लोणी.”

सरांचा जुना ॲम्प कोपऱ्यात होता.

“तो काय वाजवून मऊ झाला, ठाऊक आहे?”

“मोर्चातली गाणी.”

“आणि नंतर?”

ओजस वायरचा गुंता सोडवू लागला.

“बोल की. एरवी तोंडाला कुलूप नसतं तुझ्या.”

“मधुशेठच्या पोरीच्या लग्नात हेच गाणं वाजवलंत तुम्ही. शब्द काढून. ज्याच्यावर रचलं त्याच्याच मांडवात. लोक नाचले.”

“छान नाचले.”

“का वाजवलंत, सर?”

“शेठची फर्माईश होती. त्यांना फार आवडायचं ते.”

सरांनी जुन्या ॲम्पची वायर ओजसच्या गिटारला जोडली.

“वाजव.”

ओजसने विहिरीचं गाणं वाजवलं. समोर मधुशेठची नवी इमारत. पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत शेठचा मॅनेजर चहा पीत बसला होता. त्याने कप ठेवला आणि कठड्यावर बोटांनी ठेका धरला.

“वा, सर,” तो वरून म्हणाला. “शेठच्या वाढदिवसाला हेच ठेवू या.”

सरांनी हात वर करून त्याला नमस्कार केला. मग वायर उपटली आणि नव्या ॲम्पला लावली.

“पुन्हा.”

तीच गिटार. तोच हात. पण आता प्रत्येक सूर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा निघाला. मॅनेजर उठून उभा राहिला.

“अहो, बंद करा ते. डोकं उठलं.”

त्याने बाल्कनीचं काचेचं दार धाडकन ओढून घेतलं.

ओजसचे कान लाल झाले.

“पाहिलंत ना? म्हणून म्हणतो, तुमचा द्या.”

सरांनी त्या बंद दाराकडे पाहिलं. मग खाली बसले. जुन्या ॲम्पच्या स्पीकरवर त्यांनी अंगठा टेकवला. कागद मुकाट्याने आत गेला.

“हा नाही देणार,” ते म्हणाले.

“मग उद्या मी काय करू?”

सरांनी नवा ॲम्प उचलून त्याच्या हातात ठेवला.

“हाच ने. आणि धरण्याला फार दिवस लावू नका रे… मऊ पडला की हाही त्यांना आवडायला लागेल.”